वरचा पंख बाकी

दुपंखी विमानाची जोडून करायची प्रतिकृती तीन ठिकाणी आढळते: दुकानातल्या खोक्यात, काचेच्या शोकेसमध्ये आणि माळ्यावर. पहिल्या दोन ठिकाणच्या विमानांबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. माळ्यावरची विमाने बहुधा त्या दोन्हींहून जास्त असावीत, पण ती मोजता येत नाहीत. कारण मालकाला विचारले तर तो "काम चालू आहे" एवढेच सांगतो. विरारमध्ये इमारतींची कामेही याच भाषेत चालू असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही.

माळ्यावरचे विमान ओळखणे सोपे असते. धड पूर्ण झालेले, खालचा पंख चिकटलेला, शेपटी जागेवर पण किंचित कललेली. एक चाक बसवलेले आणि दुसरे हरवायला नको म्हणून आगपेटीत जपून ठेवलेले. आगपेटी हरवलेली. वरचा पंख वेगळा, वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळलेला. त्या पानावरच्या बातमीतले मंत्री मधल्या काळात दोन पक्ष फिरून आलेले असतात. वरचा पंख नसलेले दुपंखी विमान लांबून एकपंखी वाटते, म्हणून घरातल्यांचा ते पूर्ण झाल्याचा समज होतो. मालक हा समज खोडून काढत नाही.

काम नेमके वरच्या पंखापाशीच का अडते हे कळायला दुपंखी विमान मुळात का झाले ते पाहावे लागते. सुरुवातीची इंजिने अशक्त होती. विमान उचलायचे तर पंख मोठे हवेत, आणि लाकूड-कापडाचा एकच लांब, पातळ पंख केला तर तो हवेत मोडण्याची धास्ती. यावर तोड निघाली ती पूल बांधणाऱ्यांच्या विद्येतून. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वेचे आणि पुलांचे इंजिनिअर. १८९६ साली मिशिगन सरोवराच्या काठी त्यांनी ग्लायडरचे प्रयोग केले, तेव्हा दोन पंख एकावर एक ठेवून मध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा लावल्या. पुलाच्या कैचीचे गणितच त्यांनी पंखांना लावले. फारसे वजन न वाढवता ताकद आली. राइट बंधूंनी हीच रचना उचलली आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी सुमारे बारा अश्वशक्तीच्या इंजिनावर बारा सेकंदांचे पहिले उड्डाण केले. तेव्हा दुपंखी विमान हा मुळात एक पूलच. विरारकर भाईंदर आणि नायगावच्या मध्ये रोज खाडीवरचे पूल ओलांडतो खरा, पण पूल ओलांडणे वेगळे आणि जेवणाच्या टेबलावर बांधणे वेगळे.

भारतात या विमानांनी लवकर हजेरी लावली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रे दुपंखी विमानातून नेली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई टपाल. प्रवास तेरा मिनिटांचा. संध्याकाळी विरार स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत तेरा मिनिटांत माणूस किती पुढे सरकतो, हे ज्याचे त्याने मोजावे. पुढे १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन कराचीजवळ ड्रिग रोडला उभी राहिली, तीही चार वापिती दुपंखी विमानांवर.

तरी माळ्यावर वापिती सापडत नाही. सापडते ते बहुधा टायगर मॉथ. डी हॅविलंड कंपनीचे हे शिकाऊ वैमानिकांचे विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी पहिल्यांदा उडाले आणि पुढे आठ हजारांहून अधिक बनले. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेट आणि जोधपूरच्या शाळांत वैमानिक यावरच घडले, आणि नंतर देशातल्या फ्लाइंग क्लबांनी ते बरीच वर्षे वापरले. काही जण ते टाटांचे विमान म्हणून घेतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथमधून, आणि पस मॉथ एकपंखी होते. हे कळते तेव्हा खालचा पंख चिकटवून झालेला असतो. नीट चौकशी केली असती तर एक अख्खा पंख आणि डझनभर तारा वाचल्या असत्या.

टायगर मॉथच्या पंखांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आधीच्या जिप्सी मॉथमध्ये पुढच्या खुर्चीच्या डोक्यावर पेट्रोलची टाकी आणि भोवती खांब. पॅराशूट बांधलेल्या माणसाला झटकन बाहेर पडता येईना. टायगर मॉथमध्ये पुढे शिक्षक बसणार आणि मागे शिकाऊ, म्हणजे अडकणार तो शिक्षक. म्हणून वरचा पंख पुढे सरकवला. तोल बिघडला, तो सावरायला पंखांची टोके मागे झुकवली. म्हणून टायगर मॉथचे पंख सरळ नाहीत, आणि म्हणूनच प्रतिकृती जोडणाऱ्याला कोणतीही पट्टी लावून ते सरळ बसले की नाही हे तपासता येत नाही. १९३१ साली एका शिक्षकाचा जीव वाचावा म्हणून केलेला हा बदल विरारमध्ये आजही रात्री साडेअकराला त्रास देतो.

प्रतिकृतींचे सर्वांत रुळलेले माप १/७२. यात एक इंच म्हणजे खरे सहा फूट, त्यामुळे सहा फुटी वैमानिक इंचभर होतो. टायगर मॉथच्या पंखांचा खरा विस्तार २९ फूट ४ इंच. तो या मापात साडेबारा सेंटिमीटरलाही जरा कमी पडतो. १/४८ मापात साडेअठरा सेंटिमीटर. लहान माप जागेला सोयीचे आणि डोळ्यांना गैरसोयीचे. चाळिशीच्या आत सुरू केलेले १/७२ मापाचे विमान चाळिशीनंतर पुन्हा हातात घेतले की भाग लहान झाल्यासारखे वाटतात, आणि जोडणारा किट बनवणाऱ्याला दोष देऊ लागतो.

आता काम थांबण्याची कारणे. मालक पहिले कारण सांगतो ते वेळेचे, आणि विरारमध्ये ते कोणी नाकारत नाही. चर्चगेट इथून साठ किलोमीटर. जाता-येता फास्टने धरले तरी तीन तास, शिवाय रिक्षा, पूल आणि चुकलेली गाडी. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईला उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा ती सकाळी एकदा जाई आणि संध्याकाळी एकदा परत येई. त्या काळी विरारकराकडे वेळ असणार, पण विमानाचा शोध लागला नव्हता. नंतर विमान आले आणि वेळ गेला. असे हे कारण ऐकायला पटते.

पण २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या आणि सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. एवढ्या काळात रोजचे तीन-चार तास विरारकराच्या पदरात आपोआप पडत होते. माळ्यांवरून खोकी खाली आली हे खरे. धूळ पुसली गेली, भाग मोजले गेले, खालच्या पंखाची कड घासून झाली, आणि मग रंगांची दुकाने बंद असल्याचे लक्षात आले. दुकाने उघडली तेव्हा ऑफिसची कामे लॅपटॉपवरून सुरू झाली होती. खोके परत वर गेले. वेळेअभावी काम अडते हा सिद्धांत तेव्हाच निकालात निघायला हवा होता, पण ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांनी निष्कर्ष मान्य केलेला नाही.

खरे कारण वेगळे दिसते. मराठी घरात हातकामाची कमतरता कधीच नव्हती. गणपतीचे मखर होते, आकाशकंदील होतो, पोरे दिवाळीत माती कालवून किल्ला उभा करतात, त्यावर हळीव पेरून हिरवळ उगववतात आणि मावळे मांडतात. ही सगळी कामे शेवटच्या रात्रीपर्यंत अर्धवट असतात आणि तरी दर वर्षी पूर्ण होतात, कारण त्यांना तिथी असते. चतुर्थीला सकाळी गणपती दारात उभा. तिथे "मखराचं काम चालू आहे" म्हणता येत नाही. दुपंखी विमानाला तिथी नाही. त्याची प्रतिष्ठापना नाही, त्याच्या दर्शनाला कोणी पेढे घेऊन येणार नाही, आणि ते या वर्षी नाही झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. मराठी माणसाच्या आळसाबद्दल बरेच बोलले जाते. तो आळशी नाही, पंचांग पाहून काम करणारा आहे.

याला उलट पुरावा कांदिवलीच्या चारकोपचा. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. प्रतिकृती नव्हे, खरे. त्याआधीच्या प्रयत्नांपासून धरले तर त्यांचा हा उद्योग १९९८ पासूनचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा ते विमान गच्चीवरून उतरून प्रदर्शनात उभे राहिले. २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०२० मध्ये धुळ्याला चाचणीचे उड्डाण झाले, आणि मधल्या काळात पालघर जिल्ह्यात कारखाना काढण्याचा राज्य सरकारशी करारही झाला. कांदिवलीच्या गच्चीवर अख्खे विमान होते आणि विरारच्या माळ्यावर साडेबारा सेंटिमीटरचे होत नाही, ही तुलना घरात कोणीतरी करतेच. तिला उत्तर म्हणून "त्यांच्याकडे गच्ची होती" एवढेच सांगितले जाते.

माळ्यावर असताना विमान नुसते पडून नसते. त्याच्यावर बरेच काही घडत असते. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा माळा स्लॅबला लागून असतो आणि मे महिन्यात स्लॅब दिवसभर तापतो. उष्णतेने आणि वर ठेवलेल्या पातेल्याने पॉलिस्टायरीनचा पातळ पंख हळूहळू वाकतो. पावसाळ्यात चिकटवायची चित्रे, म्हणजे विमानाचे क्रमांक आणि पंखांवरची वर्तुळे, ओल धरतात आणि पिवळी पडतात. गोंदाची नळी आतून दगड होते. रंगाच्या डबीत तेल वर, रंग तळाला आणि मध्ये साय. झाकण उघडत नाही म्हणून पक्कड लावली की डबी चेपते आणि झाकण तसेच राहते. सूचनापत्रक खोक्यात नसते. ते सापडते विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये, कारण कधीतरी कोणीतरी "महत्त्वाचं दिसतंय" म्हणून ते तिथे लावलेले असते.

विमानाकडे परतण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. दिवाळीची साफसफाई हा मुख्य. स्टुलावर उभी राहून घरातली बाई खोके खाली देते आणि विचारते, "अहो, हे टाकायचं का?" या एका प्रश्नाने जितकी विमाने पुन्हा सुरू झाली आहेत तितकी कोणत्याही स्फूर्तीने झालेली नाहीत. दुसरा प्रसंग निवृत्तीचा. तिसरा डॉक्टरांचा: रक्तदाब वाढलेला दिसला की ते मन रमवायला एखादा छंद ठेवा म्हणतात. त्यांनी दुपंखी विमानाला तारा लावून पाहिलेल्या नसतात.

परत सुरू करणाऱ्याची पहिली संध्याकाळ शिरगणतीत जाते. पांढऱ्या टॉवेलवर सगळे भाग मांडले जातात. पांढरा टॉवेल अशासाठी की पडलेला भाग दिसावा आणि उडी मारू नये. फरशीवर पडलेला १/७२ मापाचा भाग जमिनीला समांतर जातो आणि फ्रिजखाली थांबतो. मग कळते की आठ खांबांपैकी सातच आहेत. चार खांब धडावरून वर जाऊन मधली टाकी पेलतात, चार दोन्ही बाजूंना पंखांच्या मध्ये उभे राहतात. हरवतो तो नेहमी या दुसऱ्या चौघांतला. बदली खांब शोधताना घरातल्या अनेक वस्तूंकडे नव्या नजरेने पाहिले जाते: दात कोरायची काडी, केसांची पिन, कानातला कापूस संपलेली प्लास्टिकची काडी. यांत सर्वांत उपयोगी ठरतो खराट्याचा हीर. नारळाच्या पातीचा हीर सरळ असतो, पॉलिश पेपरवर घासून चपटा होतो, आणि रंग दिल्यावर प्लास्टिकचे सात आणि नारळाचा एक कोणाला वेगळे काढता येत नाहीत. जोडणारा मात्र पाहुण्यांना तो हटकून दाखवतो.

वाकलेला पंख सरळ करायला तो कडकडीत पाण्यात क्षणभर धरायचा, हलक्या हाताने वळवायचा आणि लगेच थंड पाण्याखाली न्यायचा. यासाठी चहाचे भांडे वापरू नये; एकदा वापरल्यावर घरात नियम होतो. फटी लांबीने भरायच्या. भिंतींना लांबी भरणाऱ्या रंगाऱ्याकडून चिमूटभर आणणारे आहेत, पण भिंतीची लांबी प्लास्टिकला धरत नाही, घासताना पापुद्र्याने निघते. नंतर घासकाम. दहा वर्षांपूर्वी आपणच गोंदाचे जे ओघळ सोडले होते ते घासताना त्या वेळच्या स्वतःबद्दल जे उद्गार निघतात ते इथे देण्याची गरज नाही.

गोंदाची दोन घराणी आहेत. प्लास्टिकचा खास गोंद म्हणजे द्रावक. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो आणि वेळ देतो. फेवीक्विकच्या जातीचा झटपट गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. विरारमध्ये जून ते सप्टेंबर ओलाव्याला तोटा नाही, त्यामुळे तो इतका चटकन धरतो की खांब तिरका आहे हे दिसते तेव्हा तो कायमचा तिरका झालेला असतो. त्याच्या वाफेने जवळच्या पारदर्शक भागावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर बसतो. टायगर मॉथला पारदर्शक म्हणून दोन नखाएवढ्या काचाच असतात, आणि पहिल्या वेळी त्या दोन्ही जातात.

मग वरचा पंख. शहाणी रीत अशी की पंख आधी रंगवून टेबलावर उलटा ठेवावा, विमान पालथे करून त्याच्यावर उतरवावे आणि वजन टेबलावर सोडावे. पुस्तकात हे दोन ओळींत संपते. प्रत्यक्षात रात्री घरात निजानीज झालेली असते. सीलिंग फॅन बंद, कारण वाऱ्याने पंख सरकतो. कपाळावरून घाम चष्म्यावर. दोन्ही बाजूंना टेकू म्हणून कॅरमच्या सोंगट्या रचलेल्या, डावीकडे काळ्या आणि उजवीकडे पांढऱ्या. मधले चार खांब बसतात. डावीकडचे दोन बसतात. उजवीकडचा पुढचा भोकापर्यंत येतो आणि भोकाच्या काठावर उभा राहतो. चिमट्याने त्याला जरासे आत ढकलले की डावीकडचा मागचा बाहेर येतो. तो बसवला की मधल्यांपैकी एक लवतो. आठही टोके एका क्षणी आत असतील असा क्षण येतो, श्वास रोखला जातो, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी पलंग सरकवते. आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, झोपा आता, उद्या सहाची गाडी पकडायची आहे ना?" बोलायला तोंड उघडावे लागते, तोंड उघडले की श्वास सुटतो, म्हणून या प्रश्नाला उत्तर दिले जात नाही. त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशी वेगळा लावला जातो.

पंख बसला की तारा. दुपंखी विमानाच्या तारा दोन कामांच्या: उडताना पंखांना वर मुडपू न देणाऱ्या आणि जमिनीवर त्यांना खाली ओघळू न देणाऱ्या. प्रतिकृतीत त्यांना कसलेच काम नसते. त्या फक्त असाव्या लागतात. विरारकराला पहिल्यांदा सुचते ती तंगूस. अर्नाळा रिक्षेच्या अंतरावर, मासेमारीचे सामान ठेवणारे दुकान माहीत, आणि तंगूस स्वस्त. इथे हिशोब करावा. तंगुसाची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. १/७२ मापात तिचा अर्थ खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची तार. विरारमध्ये स्लॅबला वापरतात ती सळई याहून बारीक असते. उलट माणसाचा केस ०.०७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे खरे पाच मिलिमीटर, मापात चपखल. लांब, सरळ, काळा केस घरातच उपलब्ध असतो, फक्त तो मागायचा कसा हा प्रश्न. बहुतेक जण मागत नाहीत. कंगव्यावरून घेतात आणि वहीच्या पानात ठेवतात. वही दुसऱ्या कोणाच्या हाती लागली तर खुलाशाला बराच वेळ लागतो.

तिसरा मार्ग किटमधल्या प्लास्टिकच्या चौकटीचा, ज्यातून भाग तोडून घेतलेले असतात. तिचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर वर फिरवत धरायचा, मऊ झाला की बाजूला घेऊन दोन्ही टोके ओढायची. केसाएवढा धागा निघतो. तो लावल्यावर सैल पडला तर त्याच्याजवळून पेटती उदबत्ती न्यायची. उष्णतेने धागा आकसतो आणि ताठ होतो. नायलॉनच्या बारीक धाग्यालाही ही युक्ती चालते. जगभरचे जोडणारे यासाठी उदबत्ती मुद्दाम विकत आणतात. मराठी घरात ती तयारच असते, पण रात्री बाराला उदबत्तीचा वास आल्यावर सासूबाई उठून आज कोणती तिथी आहे ते विचारतात. या साऱ्या उद्योगात तिथीचा विषय निघतो तो एवढाच.

पिवळ्या पडलेल्या चित्रांना उपाय आहे. ती पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला उन्हाकडे तोंड करून काही दिवस चिकटवायची, पिवळेपणा उतरतो. खालून जाणाऱ्या ओळखीच्यांना खिडकीत विमानदलाची वर्तुळे दिसतात आणि ते काही बोलत नाहीत. नंतर चित्रांवर वॉर्निशचा पातळ हात द्यावा, नाहीतर जुनी चित्रे पाण्यात सोडल्यावर तुकडे होऊन तरंगतात. रंगात फारसे सांगण्यासारखे नाही. शिकाऊ विमाने पिवळी असत, हम्ब्रोल रंगांच्या यादीत हा पिवळा चोवीस नंबरचा, आणि नव्या डबीतला चोवीस जुन्या डबीतल्या चोवीसशी जुळत नाही.

काम चालू असताना शेजारी येतात. पहिला प्रश्न, "हे उडतं का?" नाही म्हटल्यावर दुसरा, "मग?" या 'मग'ला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. किंमत विचारली जाते; ती अर्ध्याने कमी सांगण्याची रीत आहे, आणि तरीही ती जास्त वाटते. यानंतर कोणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव काढतेच. तळपद्यांनी १८९५ मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे, मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले असा दावा आहे. त्या उड्डाणाला इतिहासकार मानतील असा पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा या चर्चेत हवाला येतो, त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. हे शेजाऱ्यांना सांगू नये. सांगितल्यास चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते, चहा दोनदा होतो, आणि बोलता बोलता पाहुणा विमान उचलून घेतो, तेही पंखाला धरून.

पूर्ण झालेल्या विमानाची जागा हा शेवटचा मुद्दा. शोकेसमध्ये शिंपल्यांचे कासव, मुलांच्या ट्रॉफ्या आणि लग्नात आलेला दिव्याचा ताजमहाल यांचा ताबा जुना आहे आणि तो सोडवता येत नाही. टीव्हीवर ठेवावे तर आता टीव्हीला वर जागाच नसते. पश्चिमेच्या खिडकीत ठेवले तर उन्हाने चित्रे आणि रंग दोन्ही विटतात. उघड्यावर ठेवले की धूळ तारांवर बसते. फडके लागले की तारा जातात. मऊ ब्रशने, तारांच्या दिशेनेच झटकावे लागते. घरकामाच्या मावशींना "याला हात लावू नका" असे सांगितले तर त्या त्या खणालाच हात लावत नाहीत, आणि वर्षभरात पिवळा रंग नेमका कोणता होता ते आठवावे लागते. म्हणून काचेची पेटी बरी. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारे वसई-विरारला गल्लोगल्ली आहेत. उरलेल्या काचेतून ते पेटी करून देतात. माप देताना लांबी, रुंदी आणि उंचीला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडावी, आणि माप विमान पूर्ण झाल्यावरच द्यावे. आधी दिले तर पेटी आठवड्यात घरी येते, रिकामी दिसते म्हणून तिच्यात बाळकृष्ण बसवला जातो, आणि एकदा देव बसला की ती पेटी परत मिळत नाही.